कार्बनच्या समोरची जागा

पॅलॅडियम क्लोराइडची तांबूस-तपकिरी पूड मिथेनॉलमध्ये टाकली तर ती तळाशी नुसती बसून राहते. तिच्यातले पॅलॅडियमचे अणू क्लोरीनच्या पुलांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि साधा द्रावक हे पूल तोडू शकत नाही. एका मोलला दोन मोल लिथियम क्लोराइड घातलं आणि थोडी ऊब दिली, की जादा क्लोराइड हे पूल सोडवतं. मग लालसर तपकिरी, नितळ द्रावण तयार होतं. माझ्या पीएचडीतल्या पॅलॅडियमच्या बहुतेक अभिक्रिया याच द्रावणापासून सुरू झाल्या. त्या कशा झाल्या, आणि हाती आलेलं संयुग नेमकं कसं आहे हे कसं कळत गेलं, ते सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. शोधनिबंधात 'पिवळा घन पदार्थ मिळाला, उत्पादन इतके टक्के' एवढंच छापून येतं, आणि मला जे आवडतं ते सगळं त्याच्या अलीकडे-पलीकडे असतं.

विषय थोडक्यात असा. धातू आणि कार्बन यांच्यात थेट बंध असलेलं संयुग म्हणजे ऑर्गॅनोमेटॅलिक संयुग. पॅलॅडियम-कार्बन बंध उत्प्रेरणात क्षणभर तयार होतो आणि तुटतो. हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० सालचं नोबेल ज्या अभिक्रियांसाठी मिळालं, त्या सगळ्या या क्षणभराच्या बंधावर चालतात. पण तोच कार्बन ज्या रेणूचा आहे, त्या रेणूतल्या नायट्रोजननेही धातूला दुसऱ्या बाजूने धरलं, तर धातू चिमटीत पकडल्यासारखा बसतो आणि पाच अणूंचं एक कडं तयार होतं. हेच चिलेट. असा कॉम्प्लेक्स (धातू आणि त्याला बांधलेले रेणू मिळून झालेलं संयुग) हवेत उघडा ठेवता येतो, बाटलीत भरून वर्षभर कपाटात ठेवता येतो, कॉलममधून (पदार्थ वेगळे करायच्या भरलेल्या नळीतून) काढता येतो. एरवी निसटून जाणारा बंध निवांत बघता येतो, म्हणून मला हा विषय जवळचा वाटला.

याची सुरुवात १९६०च्या दशकातली. १९६३ साली क्लाइमन आणि ड्युबेक यांनी अ‍ॅझोबेंझिन आणि निकेल यांचं असं संयुग केलं. १९६५ मध्ये अमेरिकेत आर्थर कोप आणि सीकमन यांनी अ‍ॅझोबेंझिनवरच प्लॅटिनम आणि पॅलॅडियमचे क्लोराइड वापरून दाखवलं की हे धातू बेंझिनच्या कड्यावरचा हायड्रोजन काढून थेट त्याच्या जागी बसतात. कोप १९६६ साली वारले. बेंझिनचं कडं आणि नायट्रोजन दोन्ही असलेल्या डायमिथाइलबेंझिलअमाइनवरचं त्यांचं आणि फ्रीडरिक यांचं काम १९६८ मध्ये छापून आलं. आमच्या लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पहिली अभिक्रिया दिली जाते ती याच अमाइनची, आणि माझीही तीच होती.

कृती वाचायला अगदी साधी आहे. मिथेनॉलमधलं ते लालसर द्रावण आरबीत (गोल बुडाच्या चंबूत) घ्यायचं, डायमिथाइलबेंझिलअमाइन घालायचं, ट्रायएथिलअमाइन घालायचं आणि ढवळत ठेवायचं. हळूहळू पिवळा अवक्षेप पडू लागतो. पहिल्यांदा तो पिवळा रंग दिसला तेव्हा मी धावत मॅडमकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, पिवळं दोन्हीही असतं. आधी कोणतं पिवळं आहे ते सांग."

मॅडमचं म्हणणं असं होतं की या मिश्रणातून दोन पिवळे पदार्थ मिळू शकतात. पहिल्यात अमाइनचे दोन रेणू नुसते नायट्रोजनने पॅलॅडियमला चिकटलेले असतात, कार्बन-हायड्रोजन बंध जसाच्या तसा. दुसऱ्यात तो बंध तुटून पॅलॅडियम-कार्बन बंध झालेला असतो, आणि असे दोन तुकडे क्लोरीनच्या दोन पुलांनी जोडलेले असतात, म्हणजे डायमर. ट्रायएथिलअमाइन घालायचं ते यासाठीच. सुटणारा हायड्रोजन क्लोराइडबरोबर आम्ल होऊन बाहेर पडतो. तो उचलून नेणारा बेस नसेल, तर बेंझिलअमाइनच स्वतःचा अर्धा भाग त्या कामी खर्च करतं.

हायड्रोजन नेमका कोण काढतो, याचं उत्तर पुढे बदलत गेलं आहे. पॅलॅडियम आधी नायट्रोजनला धरतो, त्यामुळे शेजारचा कार्बन-हायड्रोजन बंध आपोआप धातूजवळ येतो, इथपर्यंत मतभेद नाही. पूर्वी समज असा होता की धातू बेंझिनच्या इलेक्ट्रॉनांवर हल्ला करतो आणि हायड्रोजन मागाहून जातो. २००५ साली डेव्हिस, डोनाल्ड आणि मॅकग्रेगर यांनी याच अमाइनवर पॅलॅडियम अ‍ॅसिटेटची अभिक्रिया संगणकावर गणित करून तपासली. त्यात दिसलं की धातूला बांधलेल्या अ‍ॅसिटेटचा मोकळा ऑक्सिजन हायड्रोजनला आपल्याकडे ओढतो, त्याच वेळी कार्बन धातूकडे सरकतो, आणि दोन्ही गोष्टी सहा अणूंच्या एका कड्यातून एकत्र घडतात. हा पेपर मी हॉस्टेलच्या गच्चीत बसून वाचला. ज्या आरबीकडे मी तासन्‌तास बघत होते तिच्या आत काय चाललं असेल याचं चित्र त्यानंतर मनात पक्कं झालं, आणि मग मी स्वतः अ‍ॅसिटेटवाली पद्धत जास्त वापरू लागले.

आता कोणतं पिवळं? त्याचं उत्तर प्रोटॉन एनएमआर देतं, म्हणजे चुंबकात ठेवलेल्या रेणूतले हायड्रोजन (प्रोटॉन) कुठे सिग्नल देतात ते पाहणारी चाचणी. अमाइन नुसतं चिकटलेलं असेल तर बेंझिनच्या कड्यावर पाच प्रोटॉन, कार्बन बांधला गेला असेल तर चार. मोकळ्या अमाइनमध्ये दोन मिथाइल गट २.२ पीपीएमच्या (हे सिग्नलची जागा सांगायचं माप) आसपास दिसतात, डायमरमध्ये ते २.८च्या पुढे सरकतात. बेंझिन आणि नायट्रोजन यांच्या मधला सीएच-टू ३.४ वरून ३.९च्या घरात जातो. डायमरचा स्पेक्ट्रम मात्र नेहमी सुबक येत नाही. क्लोरीनच्या पुलांभोवती दोन्ही अमाइन एकाच बाजूला किंवा विरुद्ध बाजूंना असू शकतात, म्हणून काही सिग्नल दुहेरी किंवा रुंद दिसतात. एनएमआर ट्यूबमध्ये ड्युटेरेटेड (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या) पिरिडिनचा एक थेंब टाकला की पूल तुटतात, एकेरी रेणू तयार होतात आणि स्पेक्ट्रम स्वच्छ होतो. ही युक्ती आमच्या एका सिनियरने दाखवली आणि आजही मी ती नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात दाखवते.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. डायमरची पिवळी पूड डायक्लोरोमिथेनमध्ये घ्यायची. ती अर्धवटच विरघळते. मग दोन मोल ट्रायफेनिलफॉस्फिन (एका फॉस्फरसला तीन फेनिल कडी) घालायचं. ढवळता ढवळता गढूळपणा जातो आणि फिकट पिवळं, पारदर्शक द्रावण उरतं. प्रत्येक पॅलॅडियमने एक पूल सोडून एक फॉस्फिन घेतलेलं असतं. प्रश्न एवढाच की फॉस्फिन कुठे बसलं?

पॅलॅडियमभोवती चार जागा असतात, सपाट चौरसाच्या चार कोपऱ्यांवर. दोन कोपरे चिलेटने घेतले, एकावर कार्बन, एकावर नायट्रोजन. उरले दोन. एक कार्बनच्या समोर, एक नायट्रोजनच्या समोर. क्लोरीन आणि फॉस्फरस यांच्यात कोण कुठे जाणार, यावर या सगळ्या कुटुंबाची रचना ठरते. कार्बन धातूला इतका घट्ट बांधतो की समोरच्या बंधासाठी धातूकडे फारसं काही उरत नाही. याला ट्रान्स प्रभाव म्हणतात. फॉस्फरसही याच बाबतीत जोरदार आहे. असे दोन जोरदार समोरासमोर बसणं परवडत नाही, म्हणून फॉस्फरस नायट्रोजनच्या समोर जातो आणि कार्बनच्या समोरची कमकुवत जागा क्लोरीनला मिळते.

मला हे आधी पुस्तकातलं वाक्य म्हणून माहीत होतं. स्पेक्ट्रमवर ते स्वतः वाचायला मिळालं तेव्हा फार आनंद झाला. फॉस्फरस एनएमआरमध्ये मोकळं ट्रायफेनिलफॉस्फिन उणे ५ पीपीएमला दिसतं. माझ्या कॉम्प्लेक्सचा एकच टोकदार सिग्नल ४२च्या आसपास आला. एकच, म्हणजे एकच आयसोमर, अणूंची एकच मांडणी. प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये नायट्रोजनवरच्या मिथाइल गटांचा सिग्नल दोन भागांत विभागलेला, दोन-तीन हर्ट्झच्या अंतराने. इतक्या दूरच्या फॉस्फरसशी हा संवाद होतो, कारण फॉस्फरस बरोबर नायट्रोजनच्या समोर बसला आहे. आणि धातूला बांधलेल्या कार्बनच्या शेजारच्या कार्बनवरचा जो प्रोटॉन आहे, तो एरवी ७ पीपीएमच्या आसपास असायला हवा, तो ६.४ पर्यंत खाली आलेला. फॉस्फिनची फेनिल कडी त्याच्या अगदी वर येतात आणि त्यांच्या इलेक्ट्रॉनांचं चुंबकीय क्षेत्र त्याला झाकतं. फॉस्फिन कार्बनच्या समोर असतं तर हा प्रोटॉन त्यापासून लांब राहिला असता. स्फटिक मिळण्याच्या कितीतरी आधी रचना कळलेली होती.

तरीही स्फटिक हवाच. त्याशिवाय पेपर पुढे जात नाही, हे एक. दुसरं म्हणजे बंधांची लांबी आकड्यांत फक्त तोच सांगतो. आमच्याकडे पद्धत अशी: अरुंद काचेच्या नळीत डायक्लोरोमिथेनमधलं द्रावण खाली, त्यावर नळीच्या कडेने अगदी सावकाश हेक्झेन. डायक्लोरोमिथेन जड, त्यामुळे थर टिकतो. मग नळी हलणार नाही अशा कोपऱ्यात ठेवायची आणि विसरायची. दोन द्रव एकमेकांत मिसळत जातात, त्या सीमेवर पिवळ्या सुया किंवा चौकोनी ठोकळे वाढतात. सुया दिसायला सुंदर, पण मशीनला ठोकळे लागतात. काही स्फटिकांच्या जाळीत डायक्लोरोमिथेनचे रेणू अडकलेले असतात. बाहेर काढले की द्रावक उडतो आणि बघता बघता स्फटिक धुरकट होऊन तडकतो. म्हणून ते मूळ द्रावातच ठेवायचे, निवडताना थेट तेलाच्या थेंबात घ्यायचे आणि नायट्रोजनच्या थंड झोतात मशीनवर चढवायचे.

आमच्याकडे एक्स-रेचं मशीन नव्हतं, नमुने दुसऱ्या संस्थेत न्यावे लागायचे. रात्रभर डेटा गोळा व्हायचा. पॅलॅडियम इतर अणूंच्या मानाने जड, त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या नकाशात तो आधी सापडतो. मग त्याच्याभोवती कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस एकेक करून जागेवर येतात. जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलएक्स प्रोग्रॅम जगभर याच कामाला वापरतात. पहिल्यांदा पडद्यावर पाच अणूंचं ते कडं उभं राहिलं तेव्हा मी त्यातला एकेक कोन वहीत उतरवून घेतला, खरं तर फाइलमध्ये सगळं होतंच.

आकडे असे. पॅलॅडियम-कार्बन सुमारे २.०० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), पॅलॅडियम-नायट्रोजन २.१४च्या आसपास, पॅलॅडियम-फॉस्फरस २.२५च्या जवळ. चिलेटचा कोन आदर्श ९० अंशांऐवजी ८२च्या आसपास. पाचजणांच्या कड्यात धातूला तेवढंच फाकता येतं. आणि कार्बनच्या समोरचा क्लोरीन २.४०च्या घरात, म्हणजे क्लोरीनच्या समोर क्लोरीन असताना जी लांबी दिसते तिच्यापेक्षा साधारण एक दशांश अँगस्ट्रॉम जास्त. डायमरमध्ये तर हे एकाच धातूवर शेजारी शेजारी दिसतं: नायट्रोजनसमोरचा पूल २.३३च्या आसपास, कार्बनसमोरचा २.४७च्या. धातू तोच, क्लोरीन तोच, फरक समोर कोण आहे एवढाच. म्हणूनच फॉस्फिन आलं की तुटायला पूल सहज तयार असतात.

एक गोष्ट मात्र स्फटिक सांगत नाही. त्याच्या चित्रात हे कडं सपाट नसतं, एक कोपरा लिफाफ्याच्या झडपेप्रमाणे वर उचललेला असतो. तसं असेल तर सीएच-टूचे दोन प्रोटॉन वेगळे दिसायला हवेत. द्रावणात मात्र दोघांचा एकच सिग्नल मिळतो, कारण तिथे ते कडं सतत वर-खाली होत असतं आणि एनएमआर त्याची सरासरी पाहतं. रचना म्हणून पेपरात छापलेलं चित्र थंडीत थांबलेल्या रेणूचं असतं, हे मी प्रत्येक सेमिनारमध्ये आवर्जून सांगते.

प्लॅटिनमकडे वळले तेव्हा सगळा वेगच बदलला. पोटॅशियम टेट्राक्लोरोप्लॅटिनेटचे लाल स्फटिक पाण्यात विरघळतात, पण प्लॅटिनम आपले लिगँड (धातूला धरून बसलेले रेणू किंवा आयन) पॅलॅडियमइतक्या सहज सोडत नाही. पॅलॅडियमचं जे काम खोलीच्या तापमानाला होतं, त्याला इथे रात्रभर तापवावं लागतं. मी घेतलेला लिगँड होता २-फेनिलपिरिडिन. इथॉक्सिएथेनॉल आणि पाणी तीनास एक, नायट्रोजनखाली, ८० अंश सेल्सियसला. हा द्रावक प्रजननसंस्थेला घातक आहे, त्यामुळे फ्यूम हूडची काच खाली आणि हातमोजे कायम; या बाबतीत आमच्या लॅबमध्ये कुणालाही सूट नव्हती. सकाळी लाल रंग गेलेला असायचा आणि हिरवट पिवळा अवक्षेप दिसायचा. त्याला पेपरांत डायमर म्हणतात, पण लिगँड जास्त घेतला असेल तर पुष्कळदा एक लिगँड कार्बन-नायट्रोजन दोन्हींनी बांधलेला, दुसरा नुसत्या नायट्रोजनने लटकलेला आणि एक क्लोरीन, असा एकेरी कॉम्प्लेक्सही त्यात असतो. पुढच्या पायरीला दोन्ही चालतात, म्हणून बरेच जण त्याची वाच्यता करत नाहीत. मला वाटतं, ती करायला हवी.

पुढची पायरी म्हणजे अ‍ॅसिटाइलअ‍ॅसिटोन आणि सोडियम कार्बोनेट घालून पुन्हा तापवणं. मग कॉलम. टीएलसीची (पातळ थरावर पदार्थ वेगळे करून पाहायची) पट्टी यूव्ही दिव्याखाली धरली आणि एक ठिपका हिरवट निळा पेटला. पॅलॅडियमच्या इतक्या पट्ट्या पाहिल्यावर हे दृश्य अगदी नवीन होतं. पूर्ण लॅब त्या दिव्याभोवती गोळा झाली होती.

प्लॅटिनम संथ आहे, पण एनएमआरमध्ये तो स्वतःहून बोलतो. प्लॅटिनम-१९५ हा समस्थानिक निसर्गात ३३.८ टक्के असतो आणि त्याचा स्पिन अर्धा आहे. त्यामुळे धातूच्या जवळच्या प्रोटॉनच्या सिग्नलला दोन्ही बाजूंना छोटे जोडीदार मिळतात, साधारण १:४:१ प्रमाणात. पिरिडिनचा नायट्रोजनशेजारचा प्रोटॉन ९ पीपीएमला येतो, दोन्हीकडे हे जोडीदार घेऊन. ते दिसले की लिगँड धातूला बांधलाय यावर शंका उरत नाही. पॅलॅडियमकडे असा उपयोगी समस्थानिक नाही, तिथे आडून आडून पुरावा गोळा करावा लागतो. गंमत म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकावर हे जोडीदार पसरट होऊन विरून जातात. नव्या मशीनवर काहीच न दिसलेला नमुना मी जुन्या ३०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर नेला आणि तिथे ते स्पष्ट उभे होते. फॉस्फिन जोडलं तर आणखी सोपं: फॉस्फरस नायट्रोजनसमोर असेल तर प्लॅटिनमशी त्याचं कपलिंग (सिग्नलच्या फाट्यांमधलं अंतर) ४००० हर्ट्झच्या वर जातं, कार्बनसमोर असेल तर २०००च्या आसपास उतरतं. कार्बनच्या समोरची जागा इथे थेट आकड्यातच वाचता येते.

अ‍ॅसिटाइलअ‍ॅसिटोनेटच्या कॉम्प्लेक्समध्येही तीच जागा दिसली. दोन ऑक्सिजनांनी धातूला धरणारा हा लिगँड स्वतः सममित, दोन्ही बाजूंचे मिथाइल गट एकसारखे. पण प्लॅटिनमवर बसल्यावर एका ऑक्सिजनसमोर कार्बन येतो, दुसऱ्यासमोर नायट्रोजन, म्हणून २ पीपीएमला एकाऐवजी दोन सिग्नल, एकमेकांना खेटून. स्फटिकात नायट्रोजनसमोरचा प्लॅटिनम-ऑक्सिजन बंध २.०० अँगस्ट्रॉमच्या आसपास आणि कार्बनसमोरचा २.०८च्या. प्लॅटिनमचा डेटा सोडवताना एक त्रास ठरलेला असतो: तो एक्स-रे फार शोषतो, त्यामुळे स्फटिक लहान निवडावा लागतो आणि शोषणाची दुरुस्ती काळजीने करावी लागते, नाहीतर धातूच्या भोवती खोटी इलेक्ट्रॉन घनता उरते आणि परीक्षक लगेच बोट ठेवतात.

शेवटी मी याच लिगँडांचा पॅलॅडियम कॉम्प्लेक्स केला, कारण दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे होते. बंधांच्या लांब्या जवळजवळ सारख्या. प्लॅटिनम आवर्तसारणीत एक ओळ खाली असूनही लँथॅनाइड आकुंचनामुळे त्याचा आकार पॅलॅडियमएवढाच राहतो. एकाचं चित्र दुसऱ्यावर ठेवलं तर अणू अणूवर बसतो. पण खोलीच्या तापमानाला यूव्ही दिव्याखाली पॅलॅडियमचं द्रावण मंदच राहतं. प्लॅटिनमचं द्रावण सुमारे ४८६ नॅनोमीटरला प्रकाश देतं, आणि त्यातून नायट्रोजन सोडला की तो आणखी उजळतो, कारण हवेतला ऑक्सिजन उत्तेजित रेणूची ऊर्जा काढून घेत असतो. प्लॅटिनमच्या जड केंद्रकामुळे स्पिन आणि कक्षेची जोडणी बळकट असते, म्हणून एरवी निषिद्ध असलेलं फॉस्फोरेसन्सचं (उत्तेजित रेणूने सावकाश प्रकाश सोडण्याचं) संक्रमण मायक्रोसेकंदांत घडून जातं. पॅलॅडियममध्ये ही जोडणी कमी, आणि शिवाय धातूच्या स्वतःच्या डी-डी पातळ्या (त्याच्या डी इलेक्ट्रॉनांच्या उत्तेजित अवस्था) इतक्या खाली असतात की उत्तेजित रेणू खोलीच्या उष्णतेवर तिथवर चढतो आणि ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णता म्हणून टाकून देतो. ते पडताळायचा मार्ग म्हणजे ती उष्णताच काढून घेणं. पॅलॅडियमची नळी द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला बुडवली तेव्हा तीही प्रकाश देऊ लागली. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी या मोजमापावर लिहिलं.